गुलाबी बुडाची काडतुसं

आमच्या हर्शेलचं बाकी सगळं मी गिळलं. चिखलाचे बूट घालून स्वयंपाकघरात येतो, चर्चमध्ये प्रवचन रंगात आलं की घोरतो, माझ्या बहिणीने जीव ओतून केलेल्या सफरचंदाच्या केकला तिच्या तोंडावर "बरा आहे" म्हणतो. हे सगळं लग्नापासून चाललंय आणि मीही चालवून घेतलंय. पण सत्तरी उलटलेला माणूस दुसऱ्या बाईच्या हातची काडतुसं उडवायला लागला, तर बायकोने काय करावं?

खालच्या सपाटीवरच्या लोकांना ह्यात हसण्यासारखं काही वाटेल. वाटू दे. आम्ही केंटकीच्या डोंगरातली माणसं घरीच काडतुसं भरतो, आणि आमच्यात एक नेम आहे: दुसऱ्याने भरलेलं काडतूस आपल्या रिव्हॉल्व्हरमध्ये घालायचं नाही. सख्ख्या भावाचं नाही, पाद्रीचंही नाही. भरणाऱ्याच्या हातून बंदुकीची दारू चिमूटभर जास्त पडली तर लोखंड तुमच्या तोंडावर फुटतं. म्हणून ज्याच्या हातचं काडतूस तुम्ही उडवलं, त्याच्या हातात तुम्ही जीव दिला. हर्शेलने आजवर माझ्याच हातची उडवली. लोक म्हणायचे, ह्याचा बायकोच्या हातच्या भाकरीवर नसेल एवढा तिच्या काडतुसांवर भरवसा आहे. भाकरीबद्दलचं खोटं आहे, पण बाकी खरं.

आणि आमचं काडतूस दुकानात मिळणारं नव्हे. आम्ही एक्केचाळीस मॅग्नम ह्या मापाचं काडतूस वापरणारे, एक्केचाळीसवाले. चव्वेचाळीस हा थोरला, त्याचा सगळीकडे बोलबाला. तीनशे सत्तावन्न हा धाकटा, आकडा मोठा पण गोळी बारीक, त्याचे सगळे लाड. एक्केचाळीस हे मधलं पोर, ज्याचा फोटो कुणी भिंतीवर लावत नाही. गावातल्या दुकानात मागितलं तर काउंटरमागचा गृहस्थ म्हणतो, "चव्वेचाळीस म्हणायचंय का, मॅमॉ?" नातवंडं असलेल्या प्रत्येक बाईला इथे मॅमॉ म्हणतात, पण ह्याच्या तोंडून ते 'म्हातारे' असं ऐकू येतं. मी म्हणते, "जे म्हणायचं तेच म्हटलंय." मग तो रिकाम्या फळीकडे बघतो.

माझा बाप ह्या परगण्याचा डेप्युटी, म्हणजे पोलीस होता. त्याच्या कमरेला एक्केचाळीसच असायचं. त्याच्यामागे रिव्हॉल्व्हर हर्शेलला गेलं आणि शिशाच्या गोळ्या ओतायचा साचा मला आला. तो साचा एकदा बापाच्या हातून दगडावर पडला होता, तेव्हापासून त्यातल्या प्रत्येक गोळीच्या नाकावर केसाएवढी रेघ उठते. मला शाळा फारशी झाली नाही. ती रेघ हीच माझी सही.

तर लोवेना टॅकेट. ओहायोत नवऱ्याला पुरून गेल्या वसंतात ती भावाच्या रिकाम्या घरी राहायला आली. भाऊ आमच्यातलाच, त्याचं एक्केचाळीस आता तिच्याकडे. पासष्टीची बाई, पण नखं रंगवलेली. गुलाबी. दुकानाच्या ओसरीवर ती आणि हर्शेल बोलत बसत. गोळी किती सरळ जाते, धक्का चव्वेचाळीसपेक्षा किती सोसवतो. माणसं होणाऱ्या सुनेबद्दल बोलतात तसं कौतुकाने. माझ्याशी तो गेली कित्येक वर्षं फक्त "मीठ दे" एवढंच बोलत आलाय. मी गाडीत बसून दोघांकडे बघायची.

उन्हाळा सरत आला तेव्हा हर्शेलने खाणीतून रिकाम्या काडतुसांची थैली आणली. जुन्या दगडखाणीत तो नेमबाजीचा सराव करतो. पितळ घासायला मी ती मक्याच्या कणसाच्या भुशात टाकत होते, तोच एक उलटं झालं. बुडाला, ठिणगी पाडणाऱ्या टोपीभोवती, गुलाबी कडं. दुसरं पाहिलं, त्यालाही. सगळ्यांनाच.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"रंग." हर्शेल पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला. "टोपीत ओल शिरू नये म्हणून."

"कुणाचा रंग?"

"बाटलीतला."

मी पुढे विचारलं नाही. विचारणं म्हणजे मला काळजी आहे असं कबूल करणं. पण माझ्या फळीवरचे भरलेल्या काडतुसांचे डबे कमी होत होते, हेही मी पाहत होते. नेतो माझी आणि उडवतो तिची, मग माझी टाकतो कुठे? ओढ्यात? मला वाटलं, माझ्या भरणीत ह्याला आता काय खोट दिसली? मी तीच दारू तोलते, तोच साचा तापवते. हिवाळ्यापासून काडतुसं भरायच्या यंत्राची दांडी ओढताना मनगटं ठणकतात, पण थंडीत कुणाचे हात आखडत नाहीत? मी कुणाला सांगितलं नाही. तसं पाहिलं तर खारवलेल्या काकडीच्या बरण्यांची झाकणं हल्ली हात लावताच फिरतात. म्हणजे जोर आहे अजून, असं मी धरून चालले.

पानं लाल झाली की आमचा एक्केचाळीसवाल्यांचा मेळावा त्याच खाणीत भरतो. दुसरं काही घेऊन आलेल्याला फक्त घेवड्याचं कालवण मिळतं, नेम धरायला मिळत नाही. खाणीच्या पलीकडच्या अंगाला लोखंडी मेंढा उभा असतो. उभ्याने सहा गोळ्या मारायच्या. ज्याचा मेंढा जास्त वाजेल त्याला खारवलेली डुकराची मांडी. मागची दोन वर्षं ती आमच्या घरी टांगली होती, माझ्या काडतुसांवर आली म्हणून.

ब्रदर एल्झी, मेळावा भरवणारा म्हातारा, आमच्या गाडीशी आला. मागचं फळकुट खाली करून हर्शेलने काडतुसांचा डबा ठेवला होता. काडतुसं नाक खाली, बूड वर, अशी ओळीने. गुलाबी बुडं उन्हात चमकत होती. एल्झीने वाकून पाहिलं आणि माझ्याकडे मिचमिचे डोळे केले.

"मिस झेल्फा," तो म्हणाला, लग्न झालेल्या बाईलाही इथे मानाने मिसच म्हणतात, "यंदा हर्शेलने स्वयंपाकीण बदललेली दिसते."

"तुझी बायको बोलत का नाही तुझ्याशी, ते कळलं आज," मी म्हटलं.

तो हसत गेला. पण आजूबाजूच्या बायकांनी ऐकलं होतं. पलीकडे लोवेना आपलं रिव्हॉल्व्हर पुसत उभी होती, आणि हर्शेल तिच्याशी काहीतरी हळूच बोलत होता. ती मान हलवत होती. त्या मान हलवण्यात कसलीशी दया होती, आणि ती माझ्या बाजूला बघूनच हलत होती.

मी डबा उचलला. सगळी गुलाबी काडतुसं न बघताच कोटाच्या खिशात ओतली, घरी जाताना ओढ्यात टाकायची म्हणून. माझ्या पिशवीत माझी ताजी भरलेली होती, ती त्याच जागी नाक खाली करून लावली. त्याच्या लक्षात यावं असंच मला वाटत होतं. आलं असतं तर त्याला सगळ्यांसमोर निवडावं लागलं असतं.

त्याचं नाव पुकारलं. तो आला, डबा उचलला, डोळे लांबच्या मेंढ्यावर, बोटं सवयीने रिव्हॉल्व्हरच्या चक्रीत काडतुसं सारतायत. बुडाकडे त्याने पाहिलंच नाही.

पहिल्या गोळीला मेंढा वाजला. दुसरीला वाजला. तिसरीला वाजला तेव्हा मी एल्झीकडे पाहिलं आणि एल्झीने टोपी काढून दाखवली. मला वाटलं, बघ लोवेना, बघ.

चौथीला हर्शेलने घोडा मागे खेचला आणि तो अर्ध्यावर थांबला. चक्री फिरेना. त्याने नळी मेंढ्याकडेच धरून ठेवली आणि पुन्हा खेचला. हलेना.

आमच्यात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. काडतुसाच्या तोंडाची कड गोळीच्या खाचेत घट्ट आवळलेली नसली, तर आधीच्या बारांच्या धक्क्याने मागे राहिलेली गोळी इंचभर नाही पण जवाएवढी पुढे सरकते. नाक चक्रीबाहेर आलं की सगळं अडकलं. त्यात भरणाऱ्याची दारू चुकत नाही, साचा चुकत नाही. दांडीवर जोर कमी पडतो, एवढंच.

हर्शेलने हातातल्या रिव्हॉल्व्हरकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं.

एल्झीने ते त्याच्याकडून घेऊन बाजूला नेलं आणि सावकाश मोकळं करत बसला. लोवेना आली. "हर्शेल, ही कुठली घातलीस?" ती कुजबुजली. "ह्यांची तोंडं तर मी आवळली नव्हती."

माझा हात खिशात गेला. एक गुलाबी काडतूस बाहेर काढलं, नाक वर केलं. शिशावर केसाएवढी रेघ होती. दुसरं काढलं. रेघ. खिशात सगळी माझीच होती.

"कधीपासून?" मी विचारलं.

हर्शेल बुटाने खडी उकरत होता. "ईस्टरपासून. सरावाला दोनतीनदा अडकलं."

"आणि मग तू हिच्या दारात गेलास."

"मिस झेल्फा," लोवेना म्हणाली, "भरणी सगळी तुमचीच. मी दारूला हात लावला नाही. नुसती तोंडं पुन्हा आवळली, आणि झाली ती कळावी म्हणून बुडाला रंग लावला. दुसऱ्याच्या भरणीत मी बोट घालणार नाही, आणि हा दुसऱ्या कुणाची उडवणार नाही."

"तुझे हात चांगले आहेत," मी म्हटलं.

तिला ते कौतुक वाटलं असावं, कारण ती हसली. मग तिची पाळी आली आणि तिने सहाही गोळ्यांना मेंढा वाजवला. मांडी तिने नेली. आमच्या गाडीशेजारून जाताना ती तिने दोन्ही हातांनी उचलून धरली होती, गुलाबी नखं त्या खारवलेल्या कातडीत रुतलेली. ओझं जाणवत असल्याचं तिच्या चेहऱ्यावर कुठेच दिसत नव्हतं. मला मांडीचं काही नव्हतं. मला ते हात हवे होते.

आम्ही घाट उतरलो. ओढ्याच्या पुलावर हर्शेलने गाडी हळू केली. मी खिशातलं ओढ्यात टाकणार होते, हे त्याला कसं कळलं, त्याचं तो जाणे. मी टाकलं नाही. माझ्या हातचं काम होतं ते.

"बोल काहीतरी," तो म्हणाला.

"बरण्यांची झाकणंही तूच सैल करून ठेवतोस ना?"

त्याने पुलाच्या कठड्याकडे मान केली. "तुला सांगितलं असतं तर तू यंत्र उचलून ह्याच पुलावरून खाली टाकलं असतंस."

"टाकलं असतं. आणि दुसऱ्या दिवशी तुलाच काढायला लावलं असतं." मी हात कोटात सारले. मग त्याने ऐकावं अशा आवाजात म्हटलं, "हर्शेल कोम्ब्स, तू तिच्या हातची काडतुसं उडवली असतीस, तर नाताळपर्यंत मी तुझ्याशी बोलले नसते आणि मग विसरले असते. पण माझ्या हातातला जोर गेलाय, हे माझ्याआधी तिला कळलं. ह्याला माफी नाही, तू मरेपर्यंत नाही. उद्यापासून तोंड आवळायची दांडी तू ओढायचीस, माझ्या शेजारी बसून, मी सांगेन तशी. आणि झाकणं उघडायची तर माझ्या डोळ्यांदेखत उघड."