हक्कसोडीचा अंगठा

...ती काच केवढीशी, काडेपेटीएवढी, आत हिरवा उजेड, आणि वर अक्षदाचा अंगठा – कम्प्युटरवरची मुलगी म्हणाली, "नाही आला. परत." परत ठेवला. नाही आला. मागून कुणीतरी म्हणालं, "भाकऱ्या थापून रेषा गेल्या वाटतं ताईच्या!" आणि महाडच्या त्या रजिस्ट्री ऑफिसातली सगळी बाकं हसली, अक्षदापण हसली, कारण अशा वेळी हसायचंच असतं ना...

"टेन्शन नको घेऊ गो," हर्षददादा म्हणाला. "फॉर्म्यालिटी हाय फक्त."

हेच तर! तो ओरडला असता तर बरं झालं असतं. बाबा गेले, सातबारावर आई, दादा, अक्षदा अशी वारसांची नावं चढली, आणि दादा मुंबईहून आला तो इतका गोड होऊन – आज घरून, पोलादपूरहून, बाईकवर येताना स्वतःचं हेल्मेट तिला घातलं, स्टँडवर वडापाव, वर कोकम सरबत... अशा माणसाला नाही कुठून म्हणायचं? बहिणी सोडतातच हक्क. शकूआत्यानं सोडला, तिला साडी मिळाली, गणपतीला अजून बोलावणं जातं. अक्षदाचं तर लग्न ठरतंय, म्हणून आधीच उरकायचं – उद्या सासरच्यांनी हिस्सा मागितला तर?

पण... मीच मागितला तर?

हे कुठून आलं डोक्यात! तिनं घाईघाईनं अंगठा ओढणीला पुसला. जमीन ती काय, नदीकाठचा तुकडा. भात कापलं की ओल आहे तोवर बाबा आणि मी वाल पेरायचो, बाबा पुढे, मी मागे टाचेनं माती लोटत – दादाला तर बांध कुठं संपतो तेसुद्धा... नाही, असं नको, दादा चांगला आहे, दादानंच मला कॉलेजात घातलं – बघा, विचारसुद्धा पुरा करता येत नाही मला, प्रत्येक वाक्याच्या तोंडाशी दादा उभा, हसत.

"जोर लाव जरा," बाकावरून आई म्हणाली. तिचा अंगठा देऊन झाला होता, ती मोकळी बसली होती. "दे गो बाय. माहेर राहतंय."

आणि तेव्हा कळलं. अंगठ्यात काही दोष नव्हता. मी दाबतच नव्हते... नुसता टेकवत होते, सकाळपासून, प्रत्येक वेळी, आणि मलाही माहीत नव्हतं!

दादाला कळलं. तो क्षणभर जास्त बघत राहिला, हसू तसंच.

"घाई नाय," तो म्हणाला. "जेवून येऊ. मच्छी खाशील ना?"

"चालेल," ती म्हणाली.

चालेल – हाच शब्द, लहानपणापासून, कपडे, कॉलेज, स्थळ, सगळ्याला चालेल. बाहेर ऊन होतं, आई पुढे चालत होती, दादा तिला हात धरून रस्ता ओलांडून देत होता, आणि मी मागे राहून तोंड मिटल्यामिटल्या दुसराच शब्द जिभेवर घोळवून बघत होते... पाहिजे. मला पाहिजे. तो इतका सोपा निघाला की मला भीतीच वाटली.