चार विमानांच्या सह्या

निमगाव केतकीच्या रतननं वांग्याला पाणी धरलं होतं, तेवढ्यात बारामतीकडून आलेलं शिकाऊ विमान इंजिनाच्या आवाजाविना तिच्या डोक्यावरून गेलं. शेजारच्या गहू काढलेल्या रानात ते आपटलं, उसळलं आणि बांध फोडून वांग्यांत घुसलं.

रतन धावली. आत एकटीच मुलगी. पुढची काच काळ्या तेलानं माखलेली. रतननं दार ओढून तिला बाहेर काढलं, बांधावर नेऊन बसवलं. तिचं नाव स्वरूपा. मनगट सुजलं होतं, पण शुद्धीवर होती.

"पेट्रोलचा कॉक मी आतून बंद केलाय," ती धापा टाकत म्हणाली. "काकू, तेल गळतंय असं मी परवाच लिहून दिलं होतं. तपासलं म्हणून सही झाली. चौकशीची माणसं येईपर्यंत इंजिनाला कुणाला हात लावू देऊ नका."

ॲम्ब्युलन्स तिला बारामतीला घेऊन गेली. रतनचा नवरा संदेश पोलीसपाटलाला आणायला गेला आणि रानात रतन एकटी उरली.

थोड्या वेळानं जीप आली. विमानशाळेचा इंजिनियर विजयसिंह उतरला. हातात पाना.

"ताई, लांब व्हा. आग लागेल. कॉक बंद करतो."

आगीचं नाव ऐकून रतन दोन पावलं मागं सरली. पण तो दाराकडं गेलाच नाही. फाटलेल्या पत्र्यातून इंजिनात हात घालायला वाकला. रतन खोरं घेऊन मधे जाऊन उभी राहिली.

"कॉक पोरीनं बंद केलाय. तुमी इंजिनात काय करताय?"

"तुम्हाला यातलं कळत नाही."

"विहिरीवरचं इंजिन मीच चालवती, साहेब. नळीचा नट ढिला असला की तेल कसं उडतं, ठावं हाय मला."

त्यानं तिचा दंड धरला. रतन हलली नाही. तेवढ्यात वरून घरघर आली. दुसरं विमान. विजयसिंहनं वर पाहिलं आणि त्याची पकड सुटली.

"ते बी तुमीच तपासलंय?"

त्यानं मान डोलावली. "एका दिवसात चार विमानं होती. इंजिनांची झाकणं उघडलीच नाहीत. नुसत्या सह्या केल्या."

"वर कोण हाय?"

"यशराज. शिकाऊ आहे. एकटाच."

"मग सांगा की त्यास्नी."

"माझी नोकरी जाईल, ताई."

"आन् ते पोरगं?"

त्यानं फोन लावला. "यशराजला ताबडतोब उतरवा. हो, सही माझीच आहे. तपासणी झालेली नाही."

घरघर बारामतीकडं विरत गेली. दोघं कान देऊन उभी राहिली. मग नुसतंच पाटाचं पाणी ऐकू येऊ लागलं. किती वेळ गेला कुणास ठाऊक. फोन वाजला. ऐकता ऐकता विजयसिंह चिखलातच खाली बसला.

"उतरला. झाकण उघडलं त्यांनी. तोच नट, बोटानं फिरत होता."

पोलीस येऊन उभे राहिल्यावरच रतन इंजिनापासून हलली. चौकशीत विजयसिंहनं काही लपवलं नाही. त्याची नोकरी गेली, आणि दिवसाला चार विमानं तपासायला लावणाऱ्या मॅनेजरलाही जाब द्यावा लागला.

महिन्यानं स्वरूपा आली, हात प्लास्टरमध्ये.

"परत उडणार का गं?" रतननं विचारलं.

"अजून ठरवलं नाही, काकू."

"बरं. जेवून जा," म्हणत रतननं चुलीवर तवा ठेवला.