तातडीच्या जागी वॉर्ड

मूत्रपिंडासाठी ताटकळलेल्या रुग्णांची रांग लावणारा प्रोग्राम सकाळीच कोसळला. जुन्या मेनफ्रेम संगणकावरचा, असेम्ब्लर या जुन्या संगणकभाषेत लिहिलेला. लिहिणारे केव्हाच निवृत्त झालेले. इस्पितळाच्या संगणक विभागात असेम्ब्लर वाचणारी ती एकटीच उरली होती, त्यामुळे काम तिच्याच गळ्यात पडलं.

चुका शोधायच्या डीबगरच्या पडद्यावर संगणकाच्या स्मृतीतले नुसते पत्ते आणि आकडे. कुठला आकडा कशाचा, काही उमगेना. कुठल्या पत्त्याला काय नाव ते सांगणारी सिम्बॉलची जुनी फाइल तिने हुडकून जोडली, तशी आकड्यांशेजारी नावं उमटली. ‘तातडी’ या नावापुढे होतं: सी२.

“तातडी तर एक ते पाच असते,” ती पुटपुटली. एक म्हणजे सगळ्यांत आधी. सी२ हे तर नव्याने उघडलेल्या वॉर्डाचं नाव.

तिने जुन्या बदलांच्या नोंदी काढून पाहिल्या. मागे रुग्णाच्या नोंदीची मांडणी बदलली, तेव्हा तातडीच्या जागी वॉर्ड आला होता. बाकीचे प्रोग्राम त्याप्रमाणे नव्याने बांधले गेले, हा एक राहून गेला. वॉर्डांना आकडे होते तोवर निमूट चालला. ज्याच्या वॉर्डाचा आकडा मोठा, तो रांगेत मागे. आज अक्षर आलं म्हणून अडखळला.

तिचा धाकटा दीर वॉर्ड चौदात होता. गेल्या वर्षी वाट बघता बघताच गेला.

विभागप्रमुखांनी ऐकून आधी दार लोटून घेतलं. “गुपचूप दुरुस्त करून टाक. झाकली मूठ राहू दे. गेलेली माणसं परत येणार आहेत का?”

“माझा दीर होता, साहेब.”

तिने प्रोग्राम दुरुस्त केला आणि तडक मुख्य डॉक्टरांना जाऊन सगळं सांगितलं. रांग नव्याने लागली. चौकशी बसली.

घरी नवरा सगळं ऐकून म्हणाला, “आईला नको सांगूस. नशिबात नव्हतं म्हणत कसंबसं सावरलंय तिने.”

“आणि उद्या बाहेरून कळलं तर?”

सासूबाई मटार सोलत होत्या. ती समोर बसली. मांडणी, पत्ते यातलं काही बोलली नाही. एवढंच सांगितलं, की त्याचा नंबर फार आधी लागायला हवा होता.

“म्हणजे वाचला असता?”

“बहुतेक.”

सासूबाईंनी ताट बाजूला सारलं. “तू तिथेच कामाला होतीस ना गं?”

“हो.”

त्या दिवसापासून सासूबाई तिच्या हातचं पाणीही घेईनात.