साचा सोडेना

वहिनीचा स्वभावच असा, की काम सुरळीत चाललेलं असलं तरी मध्ये हात घातल्याशिवाय तिला राहवत नाही. त्या दिवशी तिने साच्यात हात घातला.

तिची नणंद मागच्या शेडमध्ये खुर्च्यांच्या बैठका बनवायची. केळीच्या फेकून दिलेल्या बुंध्यांचे धागे काढायचे, जवसाच्या तेलापासून केलेल्या राळेत भिजवायचे आणि गरम लोखंडी साच्यात दाबायचे. आधीच्या बैठका कधी फुगल्या, कधी तडकल्या. आज खुर्च्यांचा कारखानदार शेवटचं बघायला येणार होता. त्याने नाही म्हटलं, तर नणंद शहरातली जुनी नोकरी धरणार होती. घरात मनातलं बोलायला वन्संशिवाय होतं कोण? त्या जायला नकोत, म्हणून आजची बैठक बिघडून चालणार नव्हतं.

म्हणून नणंद चहाला गेली तेव्हा वहिनीने साच्याचं रोजचं मेण पुसलं आणि हाताशी असलेलं जवसाचं तेल चोपडलं. तव्याला तेल लावलं की सगळं सुटतं, मग साच्याला का नाही? अगं बाई, पण इथे तेल हाच गोंद! नणंदेने परत येऊन बैठक दाबली. तापल्यावर तेल राळेत मुरलं आणि बैठक लोखंडाला अशी चिकटली, की उचकटताना पटाशी वाकली तरी ती हलेना.

"वहिनी, मेण कुठंय?"

"पुसलं. वन्सं, मला कुठून अवदसा आठवली कोण जाणे."

नणंद पुन्हा वाकडी पटाशी घेऊन बैठकीची कड उचकटू लागली.

तेवढ्यात कारखानदार आला. वहिनीने एका दमात सगळं सांगून टाकलं. त्याने बैठक ओढली, हातोडीने ठोकली, मग आपल्या भरभक्कम देहासकट तिच्यावर उभा राहिला.

"स्क्रू किती मारलेत?"

"एकही नाही," नणंद म्हणाली.

"माझ्या खुर्च्या तुटत नाहीत हो. बैठकीचे स्क्रू ढिले होतात आणि शिव्या मी खातो. लोखंडी सांगाडे मी पाठवतो. त्यांवर ही अशीच चिकटवून द्याल?"

"देऊ. पण तेल किती लावायचं ते वहिनीला विचारावं लागेल."

"मी कुठे मोजलंय? अंदाजाने लावलं."

"मग अंदाज जमेपर्यंत मला इथंच राहावं लागणार," असं म्हणून नणंदेने जुन्या ऑफिसला फोन लावला आणि येत नाही म्हणून कळवलं. वहिनी पाहुण्यासमोरच तेलकट हातांनी डोळे पुसू लागली.