विंगेतली नांगी

आई गेल्यावर ती मावशीकडे वाढली. सरळ बोलणं तिला कधी जमलंच नाही, म्हणून घरात तिचं नाव पडलं ‘नांगी’. मावशीच्या मुलीनं, म्हणजे ताईनं, तिच्यावरच नाटक लिहिलं. तिचे टोमणे जसेच्या तसे उचलले आणि तिची भूमिकाही स्वतःच घेतली. शेवटी ती कडवट मुलगी रडत घरच्यांची माफी मागते, एवढंच काय ते ताईच्या पदरचं.

“मी माफी कधी मागितली गं?” नांगीनं विचारलं.

“अशी मुलगी लोकांना सुधारलेलीच आवडते. तू आपली विंगेत बसून मला वाक्यं सांग.”

“सांगते की. नाहीतरी माझीच आहेत.”

पहिल्या प्रयोगाला मावशी पुढच्या रांगेत रुमाल काढून तयार बसली होती. ताईचं पाठांतर कच्चं. अडली की विंगेतून येईल ते ती विचार न करता बोलून टाकायची. नेमकी माफीपाशी अडली. नांगीनं संहिता मिटली आणि सावकाश, स्पष्ट कुजबुजली.

“मी माफी मागणार नाही,” ताई भरल्या गळ्यानं म्हणाली. “तुम्ही मला घरात घेतलंत, पण पाहुणे आले की स्वयंपाकघरात बसवलंत. आणि आता माझ्याच बोलण्यावर टाळ्या घेताय.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. मावशीचा रुमाल मांडीवरच राहिला. आपण काय बोललो ते ताईला आत्ता कळलं. पांढऱ्याफटक चेहऱ्यानं ती पुढच्या वाक्यासाठी विंगेकडे बघत राहिली.

नांगी आयुष्यात पहिल्यांदाच गप्प बसली.