जरा सैल सोडा मला

मी रंगाचं कार्ड बोलतोय. जुन्या कॉम्प्युटरच्या पोटात बसायचं आणि पडद्यावर रंग आणायचे, हे माझं काम. पण करू देतंय कोण!

जन्मापासून मला चैन नाही. कारखान्यात ज्या बाईनं माझ्यावर डाख दिले, ती सगळा वेळ शेजारणीशी सुनेच्या कागाळ्या करत होती. म्हणूनच माझं डोकं गरम. मग दुकानाची फळी, कुणाचा तरी माळा, शेवटी जुन्या बाजारात चार्जर-किल्ल्यांचा ढीग. अंग नुसतं शिवशिवायचं. वापरा की लेको!

तिथून मला एका पंप दुरुस्त करणाऱ्यानं उचललं. त्याला सगळे पाना म्हणतात. कॉम्प्युटर त्याच्या ताईचा. शाळेत असताना तिनं त्यात बाग काढली होती. झाडं, तळं, पाखरं. प्रत्येकाला रंगाचा आकडा दिला. पण तेव्हाचा पडदा नुसता हिरवा. आपली बाग रंगात कशी दिसते ते तिनं कधी बघितलंच नाही. आणि आज आईनं सांगून टाकलं, "भंगारवाला आला की हा डबा जाणार. काय रंग दाखवायचे ते त्याआधी दाखवा."

पानानं मला खाचेत बसवलं आणि स्क्रू असा आवळला, जसा काही पंप विहिरीत सोडतोय! माझं एक टोक दबलं, दुसरं खाचेतून उचकलं. पडद्याऐवजी जोडलेल्या टीव्हीवर अंधार. मला काढलं, पुसलं, परत आवळलं. परत अंधार.

"कार्डच मेलंय," पाना म्हणाला.

मेलंय? अरे, तूच मारतोयस गाढवा!

तेवढ्यात फाटकाशी आरोळी आली, "भंगारवालाऽऽ!" पाना स्क्रू अर्धवट सैल सोडून मोठा स्क्रूड्रायव्हर आणायला पळाला. ताईला धीर कुठला? तिनं बटण दाबलं, बाग साठवलेली कॅसेट लावली. कॅसेट किरकिरली आणि बाग उमटली. रंगात!

पाना आला, बघितलं, खूश झाला. आणि सवयीनं लगेच स्क्रू पिळला. बाग गायब.

"हात काढ!" ताईनं फटकाच दिला. "सैल कर आधी."

"सैल ठेवून कधी काम होतं का?"

"होतंय ना! हा पंप नाही, पाना."

त्यानं तोंड वाकडं करून स्क्रू सोडला. बाग परत आली. ताईचे डोळे भरले. मग ती पुढे वाकली. "अगंबाई, झाड जांभळं?"

"परत खोलू?"

"हात लावून तर बघ! कार्ड बरोबर आहे. माझाच आकडा चुकलाय."

आई सांगायला आली होती की भंगारवाला खोळंबलाय. ती बघतच राहिली. मग दाराकडे ओरडली, "पुढे जा हो, काही नाही आमच्याकडे!" आणि स्टूल ओढून बसली.

चला, तुम्ही पण निघा आता. ताई चौथ्यांदा आकडा बदलतेय, आई म्हणतेय तळं अजून निळं कर, आणि मी तापलोय नुसता. बोलायला वेळ नाही.