अच्युतच्या उंचीचा त्रिशूळ

मी एक त्रिशूळ. चौरागडाच्या माथ्यावर, महादेवाच्या देवळाबाहेर, हजारो त्रिशुळांच्या दाटीत उभा आहे. तू आत्ताच चढून आलास, धाप लागली असेल. बस जरा माझ्या सावलीला. सावली कसली, रेघच ती. तोवर एका नवसाची गोष्ट ऐक.

वडनेरच्या शकुंतलाबाईंचा तो नवस. त्यांचा अच्युत तीन वर्षांचा असताना गोवरानं फणफणला, डोळे उघडेना. त्यांनी पदर पसरला आणि म्हणाल्या, "याले उठव देवा. याच्या उंचीचा त्रिशूळ घेऊन तुझ्या डोंगरावर येईन, याचं बोट धरून."

अच्युत उठला, भाकर मागू लागला. बाईंनी त्याला दाराशी उभं करून कच्च्या सुतानं टाळूपासून टाचेपर्यंत मोजलं आणि ते सूत श्रावण लोहाराकडे दिलं. असा मी जन्मलो. हलका, एका हातानं सहज उचलावा असा.

पण महाशिवरात्र येते ती ऐन कापसाच्या बाजारात. बाईंचे यजमान बंडोपंत दुकानदार. हातात पैसा खेळायचे तेच दिवस. "पुढच्या साली जाऊ," ते म्हणाले. पुढच्या साली नणंदेचं लग्न निघालं. तोवर अच्युत वीतभर वाढला, सूत अपुरं पडलं, आणि श्रावणनं लोखंडाचा तुकडा जोडून मला पहिला सांधा दिला. मग शाळा, मग मॅट्रिकची परीक्षा. ती तर शिवरात्रीच्या पाठीलाच लागून. पोरगा वाढत गेला, मला सांधे मिळत गेले.

बाई दर सोमवारी मला गंध लावत. बाकीच्यांना मी घरातलाच झालो होतो. बंडोपंतांनी माझ्या टोकाला धोतर वाळवायची दोरी बांधली, माझ्यानं बोरं पाडली. त्याचं मला काही वाटलं नाही. माणसं देवाच्या वस्तूला विसरत नाहीत, फक्त तिची सवय करून घेतात. पण सणावारी कुणी माझ्याकडे पाहून "पुढच्या साली" म्हणालं, की माझं लोखंड आणखी जड होई.

अच्युत शिकला आणि नैरोबीला रेल्वेच्या कचेरीत लागला. बोट धरायचं ते बोटच समुद्रापार गेलं.

सहा वर्षांनी, छप्पन सालच्या पावसाळ्यात, तिकडून एक लिफाफा आला. आत दोन्ही टोकांना गाठ मारलेलं सूत आणि दोनच ओळी: रजा मिळाली, शिवरात्रीला येतो. बाईंनी ते सूत किती वेळ गालाला लावून धरलं होतं.

"इतका उंच झाला का अच्युत?" श्रावणनं विचारलं.

"बूट घालून मोजलं असन त्यानं," बंडोपंत म्हणाले.

त्या सुतानं मला शेवटचा सांधा मिळाला.

अच्युत आला तो खांदे भरलेला. जेवताना सांगत होता, "आई, वर्षभर दर रविवारी गावाबाहेरची टेकडी चढत होतो मी, खांद्यावर लोखंडी पाइप घेऊन. एक दिवस साहेब भेटला. म्हणे, बाबू, कुठला नळ फुटला?"

"मंग तू काय सांगतलं?"

"म्हटलं, साहेब, आईचा नवस आहे. तो म्हणे, मग आईच काऊन नाई चढत?"

सगळे हसले. बाईही हसल्या, आणि उठताना त्यांनी भिंतीचा आधार घेतला. तो मी पाहिला, कारण भिंतीला मीच टेकलेला होतो.

त्यांनी दशम्या केल्या, लाडू वळले, लेकासाठी लोकरीची टोपी विणली. सगळी तयारी त्याची. तिकडे तो दगडमातीवर पाय घट्ट करत होता, तेव्हा इकडे बाईंच्या गुडघ्यांतलं बळ ओसरत होतं, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. त्यांनीही बोलून दाखवलं नाही. पुन्हा कुणी "पुढच्या साली" म्हणेल, याची धास्ती.

रेल्वे, मोटार, मग पायवाट. डोंगराच्या पायथ्याशी बाई एका दगडावर बसल्या, त्या उठल्याच नाहीत.

"आई, मी तुले पाठकुळी घेतो."

"अन् याले कोण नेईल?" त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "तू लहान अन् हा तुझ्याएवढा होता ना बापू, तेव्हा एका हातात हा अन् कडेवर तू, दोघालेही नेलं असतं मी. आता तू जाय. देवाले सांगजो, आई खाली बसून आहे."

अच्युतनं खूप विनवलं. मग बाईंनी मला पदरानं बुडापासून टोकापर्यंत पुसलं आणि त्याच्या खांद्यावर दिलं. तो एकदाही न थांबता चढला. तयारी पक्की होती. पण वळणावळणावर मागे वळून पाही. झाडांच्या आड ती लाल पदराची खूण हळूहळू लहान होत गेली आणि एका वळणानंतर दिसेना. वर येऊन त्यानं मला जमिनीत रोवलं तेव्हा त्याच्या तोंडून "हर हर महादेव" निघालं नाही. "आई" एवढंच निघालं.

तो परत नैरोबीला गेला. गेल्या शिवरात्रीला वडनेरचा तानबा वर आला होता. मला ओळखून म्हणाला, "बाई इचारते, उभा आहे ना सरळ?"

मी सरळ नाही. शेवटच्या सांध्यात वाकलोय, दक्षिणेकडे, वडनेरच्या बाजूला. तानबानं ते पाहिलं आणि म्हणाला, "सांगतो, उभा आहे म्हणून."

बाई अजून सोमवार धरतात म्हणे. लेक पुन्हा येईल, गुडघे साथ देतील, अशी आस त्यांना आहे. मलाही आहे.

आता तू उतरशील. जाण्याआधी माझ्यापाशी तूही एक नवस बोल. तुझ्यासाठी ज्या माउलीनं पदर पसरला असेल, तिच्या गुडघ्यांत बळ आहे तोवर तिला घेऊन येईन, असा. आणि त्रिशूळ लहानच आण.